सैल तारा

विश्वकर्मा पूजेला नीलिमा चंद्रपूरहून सकाळच्या बसने भद्रावतीला घरी आली, तेव्हा बाबा पाटावर औजारं मांडत होते. नटबोल्टचे पाने, कानस, मापाचं व्हर्निअर आणि शेवटी गिटार. जन्मभर टर्नर म्हणून राबलेला माणूस. गिटारही त्यांच्या लेखी औजारच. त्यांनी तिच्या तारा सैल केल्या. आज कुठल्याच औजाराला कामाला लावायचं नसतं.

ऐन तारुण्यात एका वर्कशॉपमध्ये प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. गिटार वाजवताना त्यांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या त्यांनी स्वतःच बनवल्या होत्या. त्यांनाही हळदकुंकू लागलं.

“नीलू, त्या इंग्लंडच्या पोराची गोष्ट सांगू का?”

“शंभर डाव सांगितली हाय, बाबा.”

“मंग एकशे एकावा डाव. पत्र्याच्या कारखान्यात त्याचा शेवटला दिवस. दुपारी जेवाले घरी आला, परत जायचं मन नोयतं. माय म्हणे, काम पुरं करून ये. गेला, अन् मशीननं दोन बोटांची टोकं नेली. डाक्टर म्हणे, गिटार इसर. यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवली, टोप्या केल्या. बोटाले तरास नको म्हणून पुढं तारा बी सैल सोडल्या. त्यातून असा जड आवाज निघाला, का मागून आलेल्या कितीक पोरांनी तोच धरला.”

“आज औजाराले सुट्टी हाय,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुमचं तोंड काऊन चालून राह्यलं?”

बाबा हसले. मग म्हणाले, “उद्या सकाळी पूजा उचलली का वाजवतो. थांबशील का?”

“उद्या कॉलेज हाय, बाबा.”

ती चंद्रपूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. ‘वाजवू का?’ हे लहानपणापासून बाबाच विचारत आले होते. पुस्तकातून मान वर न करता ती ‘हूं’ म्हणे. आपणहून ‘वाजवा’ असं तिने कधी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी ते तिला स्टँडवर सोडायला आले. खिडकीशी उभं राहून पिशवीत चिवडा ठेवलाय, एवढंच म्हणाले.

पहाटे आईचा फोन आला. बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

सुतकात पूजेला हात लावत नाहीत. औजारं पाटावर तशीच राहिली. झेंडू वाळून काळा पडला, व्हर्निअरवरचं कुंकू उडून गेलं. येणारेजाणारे पाटाला वळसा घालून बसत.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, “उचल बाई आता.”

नीलिमाने पाने पेटीत ठेवले, कानस पुसली. टोप्या आपल्या बोटांवर चढवून पाहिल्या; त्या ढिल्या झाल्या. तिने एक तार छेडली. सैल तार नुसती फडफडली. ती कशी ताणायची, हेही तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने गिटार पुन्हा पाटावर ठेवली आणि समोर मांडी घालून बसली. आई दारातच थबकली.

“बाबा, वाजवा ना,” नीलिमा मोठ्याने म्हणाली. “मी थांबली हाय.”