ओळखीची देवी

देवीला रूप देणारा कारागीर राजापेक्षा थोर, असं आमच्या श्रीनगरच्या टांकसाळीच्या दारावर कोरलेलं होतं. ते दार बकऱ्यांना अंग घासायला फार सोयीचं असल्यामुळे त्यातलं 'थोर' तेवढं पुसून गेलं होतं.

टांकसाळीचा नियम असा की राजा बदलला की जुनं नाणं समोर ठेवायचं आणि त्यावरून नवा ठसा कोरायचा. पिढ्यान् पिढ्या झिजलेल्यावरून झिजलेलं उतरवत आम्ही इथवर आलो. त्यात नाण्यावरच्या देवीचं आधी नाक गेलं, मग चेहरा, मग मांडी. उरल्या चार रेघा नि दोन ठिपके. त्यांना लोक मनोभावे हात जोडत.

अशात सुज्जक नावाचा नवा ठसेकार आला. त्याने थेट देवळातली मूर्ती पाहून कमळावर बसलेली, हसरी, नाकीडोळी नीटस देवी कोरली. पहिलं नाणं घेऊन तो वितस्ता नदीकाठच्या मासळीबाजारात गेला.

"ही कोण बया?" लोट्टिका मासेवालीने विचारलं.

"लक्ष्मी आहे, मावशी."

"मला शिकवतोस? जन्मभर पदराला बांधलीय तिला. ती अशी हसत नाही. कुणाच्या घरची पोर आणलीस ही?"

खोटं नाणं पाडणाऱ्याचा हात तोडायचा, असा कायदा. चौकात सुज्जकाचा उजवा हात ओंडक्याला बांधला. न्यायाधीश वल्लटांनी जुनं नाणं हातात घेतलं, सुलटं धरलं, उलटं धरलं, आडवं धरलं आणि म्हणाले, "देवी अगदी स्पष्ट दिसते."

"कुठं, महाराज?" सुज्जकाने विचारलं.

"ही काय, बसलीय."

"उभी आहे," लोट्टिका म्हणाली.

"तो सिंह आहे," पुरोहित म्हणाले. "देवी त्याच्यामागे."

"बघ, सगळ्यांना दिसते," न्यायाधीश म्हणाले. "तुझ्या नाण्यावर नुसती बाई दिसते. ती आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर, नाहीतर हात गेला समज."

सुज्जकाने डाव्या हाताने नाण्यावर कानस चालवली. नाक गेलं.

"आता जरा ओळखीची वाटते," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

डोळे गेले तसा लोट्टिकाने डोक्यावर पदर घेतला. मग मांडी सपाट झाली, कानस सटकून एक रेघ भलतीकडेच गेली, आणि पुरोहितांना गहिवरून आलं. सगळा चौक पालथा पडला. न्यायाधीशही पडले. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड बाजूला ठेवून जमिनीला कपाळ टेकवलं. बराच वेळ कुणी उठेना.

"मावशी," सुज्जक हळूच म्हणाला, "तेवढी गाठ सोड ना. पाठीला खाज सुटलीय, डावा हात पोचत नाही."