धोंडा माझ्या वारेला बांधला

मी जळकोटजवळच्या शंकरप्पाची देवणी गाय बोलतेय. अंग पांढरं, तोंड तेवढं काळं. गरीब गाय समजून कुणी ऐकायला बसलं असेल तर उठा. माझ्या लाथेनं दोघांचे दात हललेत.

दोन वेतं सुखात झाली. तिसऱ्याला खोंड झाला, पण वासरामागून पडायची ती वार काही पडेना. दिवस मावळायला आला तरी लोंबतच होती. शंकरप्पाचा चुलतभाऊ गुरुलिंग म्हणाला, "वजन बांध, आपसूक येती खाली." बांधला धोंडा. आमच्याकडं असंच करतात. मी पाऊल टाकलं की धोंडा हिंदकळायचा आणि आतलं सगळं ओढायचा. अर्धी वार तुटून पडली, अर्धी आतच सडली.

मग ताप. दूध आटलं, शेपटीला पू लागला. गोठ्यात येणारा जो तो नाक धरायचा. धोंडा बांधणाऱ्याला मात्र कुणी शब्दानं बोललं नाही.

ते दुष्काळाचं साल. लातूर नवा जिल्हा झालेला, पण पाणी टँकरचंच आणि कडबा औषधाला मिळत नव्हता. तशात मला तीनदा वळूकडं नेलं. तिन्ही वेळा उलटले, गाभण राहिलेच नाही.

"वांझ झाली ही," गुरुलिंग म्हणाला. "गुरुवारी बाजार दाखव."

शंकरप्पानं होकाराची मान हलवली. त्याची बायको दानम्मा शेण भरत होती, तिनं पाटी खाली ठेवली.

"तीन वासरं दिली तिनं. वांझ कशी हो भावजी?"

"वहिनी, बाईमाणसानं यात पडू नये."

"बाईमाणसानंच पडावं. तुमी कवा बाळंत झालाव?"

बुधवारी सकाळी तिनंच माझं दावं सोडलं आणि मला चालवत जळकोटला नेलं. तिथं गुरांचा नवा डॉक्टर आला होता. त्यानं खांद्यापर्यंत हात घालून तपासलं. मी लाथ मारली नाही. दुखत होतं, तरी नाही.

"पिशवीत पू आहे," डॉक्टर म्हणाला. "दोष गायीचा नाही. वार कधी ओढायची नसते. पडली नाही तर मला बोलवायचं."

औषध पिशवीत सोडलं. दोन माज सोडून द्या, माजावर गळणारी चिकट बळस काचेसारखी स्वच्छ आली की मगच भरवा, असं बजावून सांगितलं. दानम्मानं तसंच केलं. घरात रोज भांडण. "नुसती खाती ही," शंकरप्पा म्हणायचा. ती स्वतःच्या हातानं बांधावरचा पाला कापून आणायची आणि त्याच्यासमोरच मला घालायची.

तिसऱ्या माजाला मला भरवलं. आज डॉक्टर येऊन गेला. तीन महिन्यांची गाभण आहे मी.

शंकरप्पा लगबगीनं आला, पाठीवर हात फिरवत म्हणाला, "माझी लक्ष्मी गं."

मी अंग काढून घेतलं. लक्ष्मी कसली? गाय आहे मी. आजारी होते, तेव्हा तू मला विकायला काढलं होतंस. दानम्मापुढं तेवढं एकदा कबूल कर, शंकरप्पा. मग ठेव हात.