पुन्हा बोट ठेवा

थळमधल्या मासळीवाल्या बायकांच्या गटानं बर्फाच्या खोलीला नवं कुलूप बसवायचं ठरवलं आणि ते काम चौलच्या दीक्षाला दिलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच झालेला, हात शिवशिवत होते. बोट ठेवलं की उघडणारं कुलूप तिनं पंधरा दिवसांत तयार केलं. प्रोग्रॅम तिचा, आणि यंत्रातला आवाजही तिचाच. "बोट ठेवा. बोट काढा. पुन्हा बोट ठेवा." एकच बोट दोनदा ठेवायचं, दोन्ही ठसे जुळले की नोंद झाली. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तिला वाटत होतं.

"बोट काढा," यंत्र म्हणालं की गटाची कागदपत्रं सांभाळणारा दिनानाथ दारातून म्हणायचा, "आता कुठं काढू, ओहोटी हाय." हा विनोद त्यानं सकाळपासून चार वेळा केला होता आणि चारही वेळा एकटाच हसला होता.

पहिल्या चार बायकांची नोंद चुटकीसरशी झाली. त्या तरण्या होत्या, रोज मोबाइलला बोट लावून सरावलेल्या. मग येसूबाई आली. तिचा फोन बटणांचा. या खोलीची चावी बावीस वर्षं तिच्या कमरेला होती. पहाटे चारला दार उघडायचं ते तिनंच. पण उद्यापासून चावी बंद.

"मावशी, तुझं बोट न्हाय लागलं तर तुझ्या जागी गटातल्या हेमांगीला घेऊ," दिनानाथनं सांगून टाकलं. "पाचच नावं द्यायचीत."

साबणानं हात धुऊन, पदराला पुसून येसूबाई यंत्रापुढं उभी राहिली.

बोट ठेवा. बोट काढा. पुन्हा बोट ठेवा. आणि यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली, 'ठसे जुळत नाहीत'.

दीक्षा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. पहिला ठसा स्पष्ट, दुसरा ठसा स्पष्ट, जुळणी शून्य. हे काय भलतंच? रेषा झिजल्या असत्या तर यंत्रानं ठसाच घेतला नसता. इथं ठसे चांगले ठसठशीत येत होते, पण एकाच बाईचे दोन ठसे एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हते. तिनं काच पुसली, वायर बदलली, प्रोग्रॅम पुन्हा चढवला. स्वतःचं बोट ठेवून पाहिलं, तर एका झटक्यात नोंद. येसूबाईचं मात्र दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही, पाचव्यांदाही नाही. दीक्षाची मती गुंग झाली. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, डिप्लोमा कुणी चुकून दिला असावा, असं तिला मनापासून वाटू लागलं.

"राहू दे पोरी," येसूबाई हळूच म्हणाली. "माझ्या बोटांत आता कायच उरलं न्हाय. रेशनवाला बी तेच बोलतो."

दिनानाथनं पेनाचं टोपण काढलं.

"काका, एकदा शेवटचं," दीक्षा म्हणाली. तिला त्या पेनाचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

तेवढ्यात लॅपटॉपचं चार्जिंग संपलं आणि त्याचा पडदा काळा झाला. यंत्र मात्र चालूच होतं. बघायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून दीक्षानं सकाळपासून पहिल्यांदाच येसूबाईच्या हाताकडं पाहिलं.

"बोट ठेवा." येसूबाईनं अंगठ्याजवळचं बोट ठेवलं. "बोट काढा." काढलं, पदराला पुसलं. "पुन्हा बोट ठेवा." आणि तिनं सरळ मधलं बोट ठेवलं.

"मावशी, हे दुसरं बोट का ठेवलंत?"

"पुन्हा बोलली ना ती? म्हंजी पहिलं चाललं न्हाय." येसूबाईला प्रश्नच कळेना. "रेशनला मशीन पुन्हा बोललं की बोट बदलायचं. तेच ठेवलं तर तो वरडतो, मागं लाईन असते."

दीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आमच्या यंत्राचं तसं नाही हो. पहिलं बोट त्याला मिळालेलं असतं. ओळख पक्की करायला तेच परत मागतं. चूक माझी, मी 'तेच बोट' म्हणायला हवं होतं."

येसूबाईचा विश्वास बसला नाही. तरी तिनं तेच बोट दोनदा ठेवलं. "नोंद झाली," यंत्र म्हणालं. दिनानाथनं मुकाट्यानं पाचवं नाव लिहिलं, येसूबाई.

दीक्षानं लॅपटॉपला वायर जोडली. येसूबाई जागची हलली नव्हती.

"मगाशी पाच खेपा केल्या, त्याचं काय लिवलंय त्यात?"

दीक्षानं वाचून दाखवलं. पहिला स्पष्ट, दुसरा स्पष्ट. पाचही खेपांना तेच.

"मी तर दोन्ही हातांची सगळी ठेवली."

"मग सगळी चांगली आहेत, मावशी. दहाच्या दहा."

येसूबाईनं दोन्ही पंजे उघडून बराच वेळ पाहिले. मग पदर खोचला.

"बोटं झिजली बोलून तीन महिने तांदूळ दिला न्हाय त्या रेशनवाल्यानं मला," ती म्हणाली. "दुकान एकपर्यंत उघडं असतं. हे जे वाचलंस ना, ते घे बरोबर आणि चल."