किंचाळण्याचा अर्थ

आमचे लेबर ऑफिसर अण्णासाहेब यांना मराठीचा फार अभिमान. कंपनीच्या गृहपत्रिकेत दरवर्षी पहिल्या पानावर त्यांची कविता असे, आणि ती वाचून रडू येई त्याचं कारण करुणरस नव्हे. टेबलावर शब्दकोश कायमचा. चिंचवडच्या पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात या कोशाचा उपयोग काय, असं मला वाटायचं. पंच्याहत्तर सालच्या चौकशीत तो कळला.

विलास नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली होती. चूक त्याची की मशीनची, एवढाच प्रश्न. त्याची ठरली तर त्याला घरी बसवायचं. मशीनची ठरली तर कंपनीतच हलकं काम द्यायचं. अण्णासाहेबांना काय ठरवायचं ते आधीच ठरलं होतं. असं असलं की चौकशी झटपट उरकते.

फोरमन सोपानराव साक्ष देऊन मोकळे झाले होते. मशीन ठणठणीत होतं, विलास एकदम किंचाळला, त्याआधी आपण काही ऐकलं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खुर्चीत बसून होते. राहिली होती तानुबाई, प्रेसजवळचा भंगार पत्रा गोळा करणारी. ती म्हणाली, इलास वरडला. मी टाइपरायटरवर ‘ओरडला’ उमटवलं.

अण्णासाहेबांनी नापसंतीनं मान हलवली. आईच्या वयाच्या त्या बाईला अगंतुगं करत त्यांनी समजावलं, की ओरडतो तो हमाल. बोटं गेलेला माणूस किंचाळतो. मग कोश उघडून वाचून दाखवलं: भीतीने किंवा वेदनेने एकाएकी मोठ्याने ओरडणे. ‘एकाएकी’खाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. एकाएकी म्हणजे पूर्वसूचनेशिवाय. म्हणजे मशीन बिघडल्याची सूचना कुणालाच नव्हती. एका क्रियापदात त्यांनी माणसाची नोकरी गिळली आणि ढेकरही दिला नाही.

आणि मी काय केलं? मुकाट्यानं कागद बदलला आणि ‘किंचाळला’ लिहिलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेलो, दोन्ही शब्दांचे अर्थ मला चांगले ठाऊक होते. असली विद्या चुलीत घालावी.

कागद वाचून दाखवला तशी तानुबाईनं शाईच्या डबीवरून अंगठा मागे घेतला. किंचाळला तो मागनं, आदी वरडला हुता, असं ती म्हणाली. त्यात फरक काय, असं अण्णासाहेबांनी हसत विचारलं. अडाणी बाई, निरुत्तर होईल असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात शिपाई चहा ठेवून गेला. सोपानरावांनी कप उचलला.

“थांबवा!” तानुबाई ओरडली.

माझी बोटं टाइपरायटरवर थबकली. अण्णासाहेबांची पेन्सिल हवेत राहिली. दाराबाहेर शिपायाची पावलंसुद्धा थांबली. सोपानरावांचा कप तोंडापासून वीतभर अंतरावर अडकला.

“ह्याला वरडनं म्हनत्यात, सायेब,” तानुबाई शांतपणे म्हणाली. “मशीन आपोआप दोनदा खाली येतंय, थांबवा, आसं इलास वरडला. सोपानराव पाळीच्या मालाचा आकडा लिहीत हुते. त्यांचा हात आसाच थांबला. मग म्हनले, चालू दे. किंचाळला तो त्याच्या मागनं.”

सोपानरावांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा बशीत सांडला.

अण्णासाहेबांनी कोश उघडला, पानं चाळली आणि मिटला. मी नवा कागद चढवून टाइप करू लागलो. काय लिहिताय, असं त्यांनी दरडावून विचारलं.

“ओरडला,” मी म्हणालो. “आणि फोरमननी ऐकलं.”

तानुबाईनं शाईची डबी स्वतःच जवळ ओढली.