आधी बाबांनी लावायचा

मी भूल देण्याचा एक जुना मास्क आहे. लहान मुलांच्या वॉर्डशेजारी खेळाची खोली आहे, तिथे राहतो. माझ्या अंगावर ससे, चांदण्या आणि एक अर्धवट फाटलेला बेडूक असे स्टिकर आहेत. दिसायला अगदीच ध्यान आहे मी, पण त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, कारखान्यातून आलो तेव्हा मी काचेसारखा लखलखीत होतो. माझ्या कडेला हवा भरलेली मऊ उशी होती. ऑपरेशन थिएटरमध्ये मी पुष्कळ काम केलं. माझ्यातून औषध जाई आणि मुलं झोपत. पण त्याआधी मला पाहून ती आकांत करत, कारण मी कोण, कशासाठी आलो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसे. मोठी माणसं त्यांचे हातपाय धरून ठेवत. मला फार वाईट वाटे. पुढे माझी उशी बसली, हवा धरेना, आणि माझी रवानगी मोडक्या कात्र्यांच्या खणात झाली.

तिथून मला खेळताईने उचललं. ती नर्सच आहे, पण ऑपरेशनआधी मुलांशी खेळणं हे तिचं काम, म्हणून मुलांनीच तिचं हे नाव पाडलं. तिची रीत मला फार आवडते. ती मला आधी मुलाच्या तोंडाला कधीच लावत नाही. आधी आई नाहीतर बाबा मला लावून श्वास घेतात. मग मूल मला हातात घेतं, हुंगतं, खेळण्यातल्या अस्वलाला लावतं आणि वाटलं तरच स्वतःला. भले भले मिशाळ बाबाही मला लावण्याआधी इकडेतिकडे बघतात. त्यांचा श्वास थरथरतो, तो फक्त मला कळतो.

एकदा घशातल्या गाठी काढायला एक मुलगी आली. एका जागी बसणं ठाऊक नाही, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. इथे कशाला आलीस, असं ताईने विचारलं, तर म्हणाली, बाबांच्या मित्राला भेटायला. बाबा खाली बघू लागले. पोर घाबरेल म्हणून त्यांनी थाप मारली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

ताई त्यांना रागावली नाही. तिने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला लावून दोन-चार श्वास घेतले, मग बाजूला केलं आणि लेकीला सगळं खरं सांगितलं. भिंगरीने मला हिसकावून भिरकावून दिलं. मला लागलं, पण तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याचा हात धरून आत जायचं, त्याच्यावरच तिचा विश्वास उरला नव्हता. ती पाठ फिरवून बसली. बाबा उठायला लागले.

"रुसू दे तिला," ताई म्हणाली. "तुम्ही फक्त इथून उठू नका."

ते बसून राहिले. बऱ्याच वेळाने भिंगरीने पाठमोरीच विचारलं, "दुखेल?"

माझा जीव टांगणीला लागला. आता पुन्हा थाप मारली की संपलंच.

"झोपेत काही कळणार नाही," बाबा म्हणाले. "उठल्यावर मात्र घसा दुखेल. त्यावर औषध देतील. झोप लागेपर्यंत मी तुझा हात धरीन, आणि जागी होशील तेव्हा तिथेच असेन."

भिंगरी उठली. तिने मला उचललं, फ्रॉकला पुसलं आणि बाबांना पुन्हा एकदा लावायला सांगितलं. ते नीट श्वास घेतात ना, हे अगदी जवळून पाहिलं. मग मला स्वतःच्या तोंडाला लावलं. त्या पोरीचं मला केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

थिएटरमध्ये आता नवे मास्क असतात, मला आत जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाच ताईला सांगायला आले. भिंगरीने मास्क आपल्या हाताने धरला होता. जागी झाल्यावर घोगऱ्या आवाजात ती पहिलं वाक्य बोलली, "बाबा, तू खरं सांगितलंस. दुखतंय." हे सांगताना ते हसत होते आणि डोळेही पुसत होते.

मित्रांनो, हे तुमच्या आईबाबांना वाचून दाखवा. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की मूल माझ्याकडे येण्याआधी मी कोण आहे ते त्याला खरं सांगा. घाबरलं तर घाबरू द्या. हात धरायला तुम्ही आहातच.