ओरल आणि ऑरल

लिंबाजी पूर्णेच्या लोकोशेडमध्ये फायरमन होता. इंजिनांच्या धडधडीत उमर गेली आणि त्याचे कान पार बसले. हे फक्त त्याच्या बायकोला, दगडाबाईला ठाऊक होतं. शेडमध्ये तो समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा. दिवसभर माणसांची तोंडं निरखून इतका शिणायचा, की घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचा.

निजामाची रेल्वे गेली, तसा उर्दूतला कारभारही गेला. इंग्रजी शब्द आले. एकदा हेडक्लार्क म्हणाला, "सोमवारी तुझी ओरल टेस्ट हाय. पास झालास की शंटर. यार्डातलं इंजिन तुझ्या हातात."

लिंबाजीनं शेजारच्या बन्सीधर मास्तरांना विचारलं, "मास्तर, ऑरल म्हंजे काय वो?"

"ऑरल? कानाची तपासणी. कुणाची हाय?"

लिंबाजी पाठ फिरवून घराकडे निघाला.

घरी दगडाबाई म्हणाली, "मी मागून भांडं वाजविते, तुमी सांगा." तिनं वाजवलं. तो तसाच बसून होता. शेवटी म्हणाला, "राहू दे. मला लय कट्टाळा आलाय आता."

सोमवारी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "साब, मेरे को सुनाई नहीं देता. तपासायची गरज न्हाई."

हेडक्लार्कनं कपाळावर हात मारला.  साहेब स्वतःच्या तोंडाला बोट लावून सावकाश म्हणाले, "अरे, ये तो ओरल थी, मुँहजबानी. इंजन के चार सवाल. कान की ऑरल अलग होती है."

लिंबाजीला ओठांवर दोन्ही शब्द सारखेच दिसले. पण अर्थ कळला.

लिंबाजीचं बहिरेपण आता साहेबांना झाकता येईना. डॉक्टरांकडे पाठवावंच लागलं. महिनाभरात लिंबाजी इंजिनावरून उतरला आणि गोदामात लागला. तिथं कुणाची तोंडं निरखायची गरज नव्हती. पगार कमी झाला.

बन्सीधर मास्तर वरमून घरी आले. "माझ्यामुळं झालं रे. इंग्रजीत दोनी शब्द जवळजवळ सारकेच."

"तुमच्यामुळं न्हाई, मास्तर. मागं एकदा गार्डाची शिट्टी ऐकलीच न्हाई मी. रुळावर दुरुस्तीच्या गँगची माणसं होती. ड्रायव्हरनं वक्ताला ब्रेक लावला. मी शंटर झालो असतो, तर कोण लावणार होतं?"

दगडाबाई दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ताट वाढलं आणि खांद्याला हात लावून त्याला हलवलं. लिंबाजी गाढ झोपला होता. बाहेर अजून उजेड होता.