न पेटलेला दिवा

प्रकाशात सत्य दिसते, असे थोर माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. त्यांच्यापैकी एकाकडेही गाडी नसावी. मंगळवारी सकाळी सिस्टरच्या गाडीच्या डॅशबोर्डवर बिघाडाचे एकदम सहा दिवे लागले आणि त्या उजेडात तिच्या मुलाला एवढेच दिसले, की आईने आता गाडी चालवणे बंद करावे.

सिस्टर म्हणजे अतिदक्षता विभागात चौतीस वर्षे काढलेली नर्स. निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. शहराच्या दुसऱ्या टोकाला तीन जण अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या पाठीच्या जखमा ती एक दिवसाआड जाऊन धूत असे. गाडी गेली की हे कामही गेले. मुलाच्या मते हाच गाडी जाण्यातला मुख्य फायदा होता.

"वर्कशॉपवाले बिघाड म्हणाले तर गाडी विकायची. कबूल?"

"आणि नाही म्हणाले तर?"

"सहा दिवे लागलेत आई. नाही कसं म्हणतील?"

वर्कशॉपात टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने गाडीला यंत्र जोडले आणि ब्रेकचे सेन्सर, एअरबॅग, स्टिअरिंगची मोटर अशी नावे वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर तो क्षणभर थांबे, जणू शोकसभा चालली आहे. मुलगा दुःखी चेहऱ्याने, पण उत्साहाने मान हलवत होता.

"खरं सांगू का आजी, इतकं सगळं एकदम गेलं म्हणजे गाडीचं वय झालं."

"आजी घरी. इथे सिस्टर म्हणायचं. काल संध्याकाळी एकही दिवा नव्हता. रात्रभर गाडी जागची हलली नाही. मग एका रात्रीत सहा अवयव निकामी कसे झाले?"

"कॉम्प्युटर सांगतोय."

"माझ्याकडे बारा खाटा होत्या आणि बारा कॉम्प्युटर. सगळे अलार्म एकदम वाजले की नवे डॉक्टर पेशंटच्या छातीवर चढायचे. मी पेशंटकडे बघायचे. तो पेपर वाचत असला की मशीनची भिंतीतली पिन बघायचे. बॅटरी तपासा."

सल्लागार समजूतदारपणे हसला. "बॅटरी एकदम ओके. बघा ना, एवढे दिवे लागलेत, त्यात बॅटरीचा आहे का?"

"आणि गाडी सुरू होतेय की," मुलगा म्हणाला. युक्तिवाद बिनतोड होता.

"कण्हत कण्हत होतेय," सिस्टर म्हणाली. "वॉर्डात ओरडणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. ओरडायला जोर आहे म्हणजे जीव आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी धावायचं. मीटर आणा."

"आमच्याकडे आधी यादी होते, मग तुमची मंजुरी, मग काम. बॅटरी यादीत नाही."

सिस्टरने किल्ली पर्समध्ये टाकली, गाडीत बसली आणि दार आतून लावून घेतले. गाडी नेमकी आत यायच्या वाटेवर उभी होती. पाच मिनिटांत मागे चार गाड्या लागल्या आणि चौघांनी हॉर्नवर हात ठेवला.

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. मी सर्जनचं ऐकलं नाही कधी, टायचं ऐकू?"

शेवटी गाडीखाली काम करणारा एक मेकॅनिक मीटर घेऊन आला. सत्याची ओढ म्हणून नव्हे; हॉर्नने त्याचे डोके उठले होते. त्याने बॉनेट उघडून मीटर लावला.

"मारा स्टार्टर, सिस्टर."

इंजिन कण्हले. मीटरवर बारा व्होल्टजवळ असलेला आकडा आठाच्याही खाली घसरला.

"बॅटरी गेलीये," मेकॅनिक म्हणाला. "सुरू करताना व्होल्टेज इतकं पडलं की सेन्सर बरळायला लागतात. ब्रेकबिक सगळं चांगलं असणार."

"मग बॅटरीचा दिवा?" सल्लागाराने विचारले.

"तो चार्जिंग बंद पडलं तर लागतो साहेब. बॅटरी म्हातारी झाली म्हणून नाही लागत."

नवी बॅटरी बसली, जुन्या तक्रारी पुसल्या गेल्या. सिस्टरने मेकॅनिकला शेजारी बसवून मोठी फेरी मारली, तीन ठिकाणी करकचून ब्रेक दाबले. एकही दिवा परत लागला नाही. सल्लागाराने कागदावर लिहिले, 'बॅटरी बदलली, ग्राहकाच्या आग्रहावरून.'

सिस्टरने काच खाली केली.

"आता ती जाहिरात काढ."

"कुठली जाहिरात?" मुलगा म्हणाला.

"माझी गाडी विकायला काढल्याची. शेजारणीने दाखवली मला. काढ, इथेच, माझ्यासमोर."

मुलाने फोन काढला. जाहिरात टाकून तीन आठवडे झाले होते. एकाही माणसाने चौकशी केली नव्हती.